उल्केच्या तबकडीचं घड्याळ

पेटी जरा थांबवा. आज अभंगाआधी मला या मंडळींना एक प्रश्न विचारायचाय. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनाही विचारतोय. डोळे मिटून चिंतन चाललंय असं दाखवू नका, मला इथून सगळं दिसतं!

तर ऐका. समजा, तुम्ही एखादी वस्तू द्यायचा शब्द दिलात. मनापासून दिलात. आणि शब्द दिल्यावर त्याच वस्तूत तुमचा जीव अडकला. आता काय कराल? शब्द पाळाल, की जीव सांभाळाल? आणि समजा दिलीत वस्तू, पण मन मागेच ठेवलंत, तर ते दान झालं का हो?

झालं म्हणता? लगेच माना डोलावल्या! थांबा. आधी गोष्ट ऐका, मग मान कशी हलवायची ते ठरवा.

सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी भुईंज आहे. तिथे रासकरांची रोपवाटिका. आंबा, चिकू, जास्वंद, मोगरा, म्हणाल ते रोप. यशवंत रासकर तिचे मालक, पण मालक हा शब्द त्यांना शोभायचाच नाही. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात पत्र्याची झारी, आणि दिवसभर रोपांशी बडबड! सगळे त्यांना नाना म्हणायचे. बायको हौसाबाई. आणि एकुलती एक लेक, शलाका.

लेक वेगळीच निघाली. नानांचं लक्ष मातीत, हिचं आकाशात. शिकली, विमानं उडवली, परीक्षा दिल्या, परदेशी गेली, आणि एक दिवस पेपरात फोटो— शलाका रासकर अंतराळात जाणार! भुईंजला पेढे वाटले. नानांना कुणी विचारलं, "नाना, पोरगी पार वर चालली, भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "कलम चांगलं बांधलंय. कुठंही लागलं तरी जगेल."

आता घड्याळाकडे येतो. बेंगळुरूला एक कसबी घड्याळकार. त्यानं या मोहिमेसाठी म्हणून एकच घड्याळ बनवलं. एकच! दुसरं नाही, पुन्हा होणार नाही. सोन्याची चौकट, आणि आतली तबकडी कशाची? उल्केच्या लोखंडाची! आकाशातून पृथ्वीवर पडलेलं लोखंड घासून, तासून, आरशासारखं केलेलं. आणि तेच घड्याळ शलाकेच्या मनगटावर बांधून परत आकाशात पाठवायचं. म्हणजे बघा, माहेरपणाला! (हसा, हसा. माहेरवाशिणी जास्त हसल्या, ते ऐकलं मी.)

ठरलं असं की मोहिमेहून परत आल्यावर त्या घड्याळाचा लिलाव करायचा आणि येईल तो पैसा धर्मादाय द्यायचा. कुणाला द्यायचा, ते शलाकेनं ठरवायचं.

शलाकेनं ठरवलं होतंच. मुंबईत भाजलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर होत्या, शर्मिष्ठा कानविंदे. त्यांच्या दवाखान्यात शलाका एकदा पाहुणी म्हणून गेली होती. मुलं व्हरांड्यात खाटांवर. स्टोव्हनं भाजलेली, दिवाळीच्या फटाक्यानं भाजलेली, आंघोळीच्या कढत पाण्यात पडलेली. त्यांना ठेवायला वेगळा स्वच्छ, बंदिस्त विभाग लागतो, आणि तो बांधायला पैसा नव्हता. कानविंदे बाईंनी एक शब्द मागितला नाही हो! शलाकाच आपणहून म्हणाली, "डॉक्टर, मी वर जाऊन आले की हे घड्याळ तुमचं."

शब्द गेला! तोंडातून सुटला. तेव्हा ते घड्याळ तिचं कोण होतं? कोणीच नाही. एक महागडी चीज, मनगटाला जड लागणारी. द्यायला सोपं होतं, मंडळी! आपल्यालाही सोपं असतं. नको असलेली साडी देताना आपण केवढे उदार होतो!

निघायच्या आधी ती भुईंजला आली. नाना तेव्हा आजारी होते. मूत्रपिंडं थकली होती. तरी सकाळी झारी घेऊन रोपांत जायचेच. त्यांनी लेकीचं मनगट हातात घेतलं, घड्याळ उलटसुलट पाहिलं.

"याला सेल कुठं असतो?"

"सेल नाही नाना. रोज चावी द्यावी लागते."

"रोज?"

"रोज. नाही दिली तर बंद पडतं."

नानांना ते फार आवडलं. म्हणाले, "मग हे आपल्यातलंच हाय की! रोज पाणी मागतंय. असं कर शलू. तिकडं वर दिवस कधी, रात्र कधी, काय कळायचं नाही म्हणतेस. मग घड्याळ आपल्या भुईंजच्या वेळेवर लाव. मी सकाळी झारी उचलली की तू चावी दे. म्हणजे दोघं एकदम कामाला लागलो."

ती गेली वर. आणि वर, मंडळी, फार विचित्र प्रकार. यान पृथ्वीभोवती गरगर फिरतं, दीड तासात सूर्य उगवून मावळून पुन्हा उगवतो. सकाळ म्हणावी तर दिवसभर सकाळच सकाळ! पण शलाका फक्त एकाच सकाळीला सकाळ म्हणायची. घड्याळात भुईंजची पहाट झाली की अंगठा आणि बोट किल्लीवर. किर्र, किर्र, किर्र. चावी दिली. खाली नाना झारी उचलत असतील. बस्स. एवढाच त्यांचा संसार, इतक्या उंचावरून.

आणि एक दिवस खालून निरोप आला. नाना गेले.

(पेटी नको. राहू द्या शांत.)

तिला परत येता येत नव्हतं. ती काय एसटी आहे, हात केला की थांबायला? सहकाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. ती रडली. पण वर रडणंही धड नाही हो! पाणी खाली ओघळत नाही. डोळ्यापाशीच गोळा होतं, चिकटून बसतं, फडक्यानं टिपावं लागतं. तिनं घड्याळ कानाला लावलं. टिक टिक चालू होती. सकाळीच तर चावी दिली होती! आणि दुसऱ्या दिवशी भुईंजची पहाट झाली तेव्हा तिचा हात किल्लीवर गेला आणि थांबला. आता कुणाबरोबर द्यायची? तरी दिली. रोज दिली. उतरेपर्यंत दिली.

आता सांगा, ते घड्याळ कोण झालं? महागडी चीज राहिली का ती?

मोहीम संपली. ती परत आली, हारतुरे झाले, भाषणं झाली, ती भुईंजला आली. आईच्या गळ्यात पडली. आणि चार दिवसांनी कानविंदे बाईंचा फोन. "शलाकाताई, तुम्ही सुखरूप आलात, फार बरं वाटलं. घड्याळ तुमच्या सवडीनं पाठवा. लिलावाची तयारी करतोय."

शलाका म्हणाली, "हो, हो. जरा तपासण्या चालू आहेत. झाल्या की देते."

खोटं! साफ खोटं!

पुन्हा फोन आला. ही म्हणाली, "परवानगीचा कागद यायचाय." आणखी एकदा आला. "बक्कल सैल झालंय, दुरुस्त करून देते." आणि बाई काय म्हणायच्या माहितीय? "सावकाश द्या हो. तुम्ही दिलंय म्हणजे आम्हाला मिळालंच!" बाईंनी एकदा जरी चिडून विचारलं असतं ना, तर शलाकेला भांडता आलं असतं. पण विश्वासाशी कसं भांडणार? फोन ठेवला की ती उठायची, अंगणात यायची, परत घरात जायची. जेवायला बसली की अर्ध्यातून उठायची. आकाशात वजन नसताना जिचा पाय डगमगला नाही, ती जमिनीवर येऊन एका जागी बसेना! घड्याळ काढून कपाटात ठेवायची, पुन्हा काढून मनगटावर बांधायची. पाणी पिताना बघायची, अंगण झाडताना बघायची.

बक्कलाचं खोटं हौसाबाईंनी ऐकलं. त्या ओट्याशी भाकरी थापत होत्या. फोन झाला तशी त्यांनी मागे वळून विचारलं, "कुठं सैल झालंय गं बक्कल? दाव की."

शलाकेनं बाही मनगटावर ओढली.

"खोटं बोलायला एवढ्या उंचावर जाऊन शिकलीस?"

"आई, तुला नाही कळायचं! मी इथं नव्हते. नाना गेले तेव्हा मी नव्हते. माझ्याकडे तेवढंच आहे त्यांचं!"

हौसाबाईंनी हातातलं पीठ झटकलं. "मी होते. त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. गार होईस्तवर. मग माझ्याकडं काय हाय? मी काय बांधू मनगटावर?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि इतकंच म्हणाली, "शब्द दिलायस ना? मग जा."

तिनं घड्याळ दिलं. स्वतः मुंबईला जाऊन कानविंदे बाईंच्या हातात ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, संपली गोष्ट! दिलं दान! नाही मंडळी, इथेच तर खरी गंमत आहे. हातानं दिलं. मनानं काय केलं? परत येताना गाडीतच तिनं मामेभावाला फोन लावला. विक्रांत त्याचं नाव. "विक्रांत, लिलावात तू बोली लाव. माझ्यासाठी. माझी पुण्यातली जागा मी विकायला काढते. तू बस मागच्या बाजूला, कुणाला कळू देऊ नकोस."

आता यात पाप आहे का? नाही! स्वतःच्या कष्टाचा पैसा, उघड लिलाव, पैसा मुलांनाच जाणार. कायद्यानं चोख! पण मग ती रात्रंदिवस तळमळत का होती? आपलं मन कायद्याच्या पुस्तकावर झोपत नाही हो. त्याचं वेगळं असतं.

लिलावाचा दिवस. मुंबईतलं मोठं हॉटेल. झुंबरं, गालिचे, अत्तरं. हौसाबाई नऊवारी नेसून पहिल्या रांगेत लेकीशेजारी. खुर्ची इतकी मऊ की बाई पुन्हा पुन्हा पुढे सरकून बसत होत्या. कानविंदे बाई येऊन म्हणाल्या, "शलाकाताई, लिलावाआधी घड्याळाबद्दल दोन शब्द बोलाल?"

"नको डॉक्टर. मला नाही जमायचं."

"बरं. तुमची इच्छा."

लिलाव पुकारायला एक पारशी गृहस्थ, सोराबजी. गुलाबी गाल, हातात लाकडी हातोडी. आधी चित्रं गेली, मग एक जुनी मोटार गेली, चांगली किंमत आली. मग घड्याळ आलं. काचेच्या पेटीत, मखमलीवर. सोराबजींनी माहिती दिली— सोनं अमुक, उल्का तमुक, अंतराळात इतका प्रवास.

बोली सुरू झाली. सुरतेचे एक हिरेव्यापारी होते, धनसुखलाल, घड्याळांचा मोठा शौक. त्यांनी बोली लावली. मागून विक्रांतनं हात वर केला. हौसाबाईंनी मान वळवली.

"अगं, हा आपला विक्रांत इथं कशाला हात वर करतोय? कुणी ओळखीचं दिसलं का त्याला?"

"आई, गप बस."

"शलू?"

"माझ्यासाठी घेतोय तो."

हौसाबाईंनी मान पुढे फिरवली आणि पदर सारखा केला. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं!

धनसुखलाल थोडे वर गेले. विक्रांत वर गेला. मग धनसुखलाल शेजारच्या माणसाकडे झुकले आणि त्यांचं बोलणं पुढच्या रांगेत स्पष्ट ऐकू आलं— "अरे, हल्ली घड्याळं वर जातात नि खाली येतात. यात विशेष काय?" आणि त्यांनी हात खाली घेतला. बाकी कुणी उठेना. लोक चहाच्या टेबलाकडे बघायला लागले.

बोली विक्रांतवर थांबली!

मंडळी, बघा काय झालं. घड्याळ तिला मिळणार होतं. तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी स्वस्तात! पुण्यातली जागासुद्धा वाचली असती. शलाकेला आनंद आवरेना, आणि त्याच क्षणी तिची नजर कानविंदे बाईंवर गेली. बाई भिंतीशी उभ्या होत्या. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते उसनं. एवढ्याशा पैशात विभाग कसला, नुसतं रंगकाम झालं असतं. आणि तरी बाई हसत होत्या, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून!

सोराबजी म्हणाले, "एक वार!"

शलाकेला कळलं. त्या सगळ्या दालनात एकाच माणसाला माहीत होतं की या घड्याळात विशेष काय आहे. ते सांगितलं तर किंमत वाढेल. नाही सांगितलं तर घड्याळ आपलं. कुणी विचारणार नाही. कुणाला कळणारही नाही!

काय केलं असतंत तुम्ही? खरं सांगा. मी तर डोळे मिटून देवाचं नाव घेतलं असतं आणि हातोडी पडायची वाट पाहिली असती!

"दोन वार!"

"थांबा!"

ती उभी राहिली. स्टेजवर गेली नाही, जागेवरूनच बोलली. "शेठजींनी विचारलं, यात विशेष काय. ते मी सांगायचं टाळलं होतं. कारण मला हे घड्याळ स्वतःलाच हवं होतं. मागे बसलेले बोली लावतायत ते माझे मामेभाऊ आहेत."

दालनात कुजबूज. आणि मग तिनं सगळं सांगितलं. नाना, झारी, भुईंजची पहाट, चावी. निरोप आला तो दिवस. डोळ्यापाशी चिकटून राहिलेलं पाणी. सांगता सांगता म्हणाली, "त्यानंतरही मी रोज चावी दिली. खाली झारी उचलायला कोणी नव्हतं, तरी दिली."

आणि पहिल्या रांगेतून हौसाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कोण म्हणतं नव्हतं?"

सगळे वळले.

"म्या उचलली की! रोज. दुसऱ्या दिवसापासनं. रोपं काय वाळू द्यायची? तू वर चावी देत असशील, ते ठाऊक होतं मला!"

शलाका आईकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, खाली कुणी नाही. आणि खाली आई उभी होती. झारी घेऊन, तिच्याच वेळेला. दोघी एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्या, आणि ही गोष्ट एकमेकींना सांगितली नव्हती! असं होतं बघा. आपण वस्तूला घट्ट धरून बसतो आणि शेजारचं माणूस दिसत नाही.

सोराबजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "डिकरी, आता दोन वार मी परत घेऊ?"

"घ्या," शलाका म्हणाली.

मग जे झालं! धनसुखलाल उभेच राहिले. डाव्या बाजूनं एक बाई, उजवीकडून एक गृहस्थ, हात वर, हात वर! विक्रांतनं बहिणीकडे पाहिलं, हात वर करू का म्हणून. तिनं मान हलवली. नको. त्यानं हातातली बोलीची पाटी खुर्चीखाली ठेवून दिली. बोली चढत गेली, चढत गेली, आणि हातोडी पडली धनसुखलालांवर. कानविंदे बाई मटकन खाली बसल्या. विभाग होणार होता. सगळाच्या सगळा!

आता तुम्ही काय समजलात? शेठ पुढे आले, त्यांचं हृदय द्रवलं, आणि म्हणाले, बेटी, हे घड्याळ तूच घे? मला माहितीय, पुढच्या दोन आजींनी त्यासाठी पदर डोळ्याला लावायला घेतलाय!

नाही म्हणाले हो! शेठनं रीतसर पैसे भरले आणि घड्याळ घेतलं. का देईल तो परत? त्याला आवडलं होतं, त्यानं किंमत मोजली होती. फक्त जाताना तो तिच्यापाशी थांबला. अवघडून विचारलं, "बेन, याला चावी सकाळीच द्यायला हवी का? तुमच्या त्या वेळेला?"

मंडळी, इथे कान द्या. ती म्हणू शकली असती, हो, तेव्हाच द्या, माझ्या नानांसाठी. तो बिचारा देत राहिला असता! मनाचा एक धागा तिनं त्याच्या मनगटाला बांधून ठेवला असता जन्मभर. पण शलाका म्हणाली, "तुमच्या सोयीनं द्या, शेठजी. घड्याळ तुमचं आहे."

तिथे दान झालं! डॉक्टरांच्या हातात ठेवलं तेव्हा नाही, हातोडी पडली तेव्हा नाही. तिथे झालं.

आणि मी तुम्हाला गोड गोड सांगून घरी पाठवणार नाही. तिला लगेच शांती-बिंती मिळाली नाही. पुष्कळ दिवस पहाटे दचकून उठायची, बोटं मनगट चाचपायची, आणि रडायची. आता पाणी खाली ओघळत होतं, एवढाच फरक. मग आई हाक मारायची, "उठलीयस तर चल, मोगऱ्याला पाणी घालू." आणि ती चपला घालून जायची.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी. उद्या आपल्या देवळात उत्सवाचं दान गोळा होणार आहे. दरवर्षी होतं. मला माहितीय काय येतं ते! टवके उडालेल्या कपबश्या येतात. गेल्या वर्षी एक पंखा आला, तो फिरत नव्हता, नुसता गुरगुरत होता! देणाऱ्याचं नाव मात्र त्यावर ठसठशीत रंगवलेलं. (पाटलांकडे बघू नका, मी नाव घेतलेलं नाही.)

नको असलेलं जरूर द्या, घर मोकळं होतं. त्याला आवराआवर म्हणतात. पण डोळे मिटा जरा आणि स्वतःला विचारा, माझ्यापाशी असं काय आहे जे मला देववणार नाही? असेल एखादी वस्तू. असेल जमिनीचा बांध, भावाशी धरलेला. असेल सुनेवरचा हक्क. दिल्यासारखं करून ज्याची दोरी मी मुठीत ठेवलीय, असं काय आहे?

कुणी हात वर करू नका. मोठ्यानं सांगू नका. उत्तर आलं ना मनात? आलंच असणार, तुमची चुळबुळ दिसतेय मला.

मग आता घरी जा. आणि आज रात्री त्या उत्तरामुळे झोप लागली नाही, तर समजा की कीर्तन ऐकलंत. गाढ झोप लागली, तर उद्या पुन्हा या, मला हेच पहिल्यापासून सांगावं लागेल!

उचला टाळ, धरा सूर. हरी विठ्ठल, हरी विठ्ठल!